भिंतीवरची ओल आणि मुलांचा श्वास

बेळगावचा पाऊस आम्हांला नवा नाही. जूनपासून कौले गळायची, मातीच्या भिंतींना ओल यायची, ट्रंकेतल्या कपड्यांना बुरा धरायचा. आपल्या जुन्या घरांतून हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. म्हणूनच मुलांच्या वर्गातली भिंत काळवंडलेली दिसली तरी त्यात आपल्याला वावगे वाटत नाही. ते वाटले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बुरशी हा नुसता डाग नव्हे. तिचे डोळ्यांना न दिसणारे बीजाणू हवेत मिसळतात आणि श्वासाबरोबर आत जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल व बुरशी या विषयावर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर इमारतींत वावरणाऱ्यांना खोकला, दमा, ॲलर्जी यांचा त्रास अधिक होतो, असे त्यांत नमूद आहे. हवेत अमुक इतकी बुरशी चालेल, अशी मर्यादा मात्र संघटनेने घातलेली नाही. ओलच राहू देऊ नका, असे तिचे सांगणे आहे. तेव्हा ‘आधी हवेच्या तपासणीचा अहवाल आणा’ असे कोणी म्हटले, तर त्याला भिंत दाखवावी. तेवढा पुरावा पुरेसा आहे.

आमच्या माहितीतल्या एका मराठी शाळेत दरवर्षी १५ ऑगस्टपूर्वी भिंतींना चुना लावतात. दसऱ्यापर्यंत डाग पुन्हा वर येतात. छपरातून पाणी झिरपत असताना चुना काय करणार? शिवाय मेलेल्या बुरशीनेही ॲलर्जी होते. ती झाकून भागत नाही. आधी गळती थांबवावी, मग भिंत ओली करून खरवडावी, धुवावी, पूर्ण वाळू द्यावी. त्या वेळी मुले वर्गात नकोत. भिजलेली पुस्तके, सतरंज्या एक-दोन दिवसांत वाळल्या नाहीत, तर त्यांनाही बुरशी धरते.

मराठी शाळांसाठी आपण शिक्षक मागतो, पुस्तके मागतो. ते रास्तच आहे. पण मूल दाखल करायला आलेल्या पालकाला दारातच कुबट वास आला, तर तो दुसरी शाळा शोधतो आणि आपला पट घटतो. म्हणून यापुढे प्रत्येक निवेदनात शाळेच्या छपराची मागणी असावी आणि शाकारणीचे काम मे महिन्यातच पुरे व्हावे. शाळा सुधारणा समित्या आणि माजी विद्यार्थ्यांनी या पावसात आपापल्या शाळेतले गळके वर्ग मोजून यादी करावी. निवेदन देण्याचे काम आम्ही करू.