चेक इंजिन लाइट लागली, दोष खरंच ई-२० चा?

मित्राची २०१८ ची पेट्रोल गाडी. डॅशबोर्डवर पिवळं इंजिनचं चित्र पेटलं, म्हणून तो कोल्हापुरातल्या एका गॅरेजमध्ये गेला. तिथं सांगितलं, "ई-२० मुळं झालंय, ऑक्सिजन सेन्सर बदलूया." आपल्या ऊसपट्ट्यात इथेनॉलला नावं ठेवणं तसं जड जातं, पण २०२५ च्या ऑगस्टपासून गाडीच्या कुठल्याही दुखण्याचं खापर ई-२० वरच फुटतंय. १ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टानं ई-२० विरुद्धची याचिका फेटाळली, त्यामुळं पंपावर दुसरा पर्याय मिळायची आशाही मावळली.

आम्ही स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला ब्लूटूथ ओबीडी डोंगल लावला आणि मोबाइलवर कोड वाचला: पी०१७१. म्हणजे इंजिनात हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. हे सेन्सरनंच कळवलंय. मग बातमी देणाऱ्यालाच का बदलायचं?

आता ई-२० चा वाटा किती ते बघू. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनानं साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो ना! त्यामुळं ई-१० वरून ई-२० वर आलं की ईसीयूला साधारण ४-५ टक्के इंधन जादा सोडावं लागतं. ही दुरुस्ती अ‍ॅपमध्ये 'फ्युएल ट्रिम' म्हणून दिसते. बऱ्याच गाड्यांत ती २०-२५ टक्क्यांच्या आसपास गेल्याशिवाय दिवा लागत नाही. म्हणजे एकटं ई-२० तिथवर पोचत नाही. आधीच काठावर असलेल्या गाडीला मात्र ते पलीकडं ढकलू शकतं.

मित्राच्या गाडीत ट्रिम उभ्या गाडीला २४, आणि रेस वाढवून २५०० आरपीएमवर नेली की ७. असं खाली आलं तर बहुतेक कुठून तरी हवा आत शिरत असते. (उलट रेसवर वाढलं असतं, तर फ्युएल पंप, फिल्टर किंवा हवा मोजणाऱ्या सेन्सरवर संशय.) इनटेकचा एक रबरी पाइप चिरलेला सापडला. तो ई-२० नं चिरला की सात वर्षांच्या उन्हानं, हे मी सांगू शकत नाही. पण पाइप बदलल्यावर ट्रिम ५ वर आलं, तेही ई-२० वरच.

एक करू नका: गॅरेजला जायच्या आधी अ‍ॅपमधून कोड पुसू नका. दिवा लागला त्या क्षणाची नोंद, 'फ्रीझ फ्रेम', त्याच्यासोबत जाते. स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल तर मिसफायर आहे. गाडी तिथंच बाजूला घ्या, नाहीतर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळायचा.