अभ्यासक्रमाला कुलूप कशाला?

दरड कोसळली, पूर आला की बातम्यांत ठरलेले वाक्य येते: 'लष्कराला पाचारण करण्यात आले आहे.' आम्हा फौजींना ते ऐकून बरे वाटते, खोटे कशाला बोलू? पण लष्कर पोचेपर्यंतचे तास कुणाचे असतात? शेजाऱ्यांचे. आणि त्या शेजाऱ्यांना आपण काय शिकवले आहे?

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गाडले गेले. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ ला, वायनाडमधले मुंडक्कई आणि चूरलमला गेले. तिथे मद्रास सॅपर्सनी १९० फुटी बेली पूल रात्रंदिवस खपून उभा केला. नेतृत्व मेजर सीता शेळके या आपल्या नगरच्या लेकीचे. ऊर भरून आला. तरीही पूल झाला १ ऑगस्टला आणि दरड आली होती ३० तारखेच्या पहाटेआधी. कितीही घाई करा, ही दरी फौज बुजवू शकत नाही. ती तिथल्याच शिकलेल्या पोरांनी बुजवायची असते.

शिकवणारे आपल्याकडे आहेत. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे, त्याखाली राष्ट्रीय संस्था आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत हा विषय पदव्युत्तर पातळीवर शिकवतात. २०१६ साली दिल्लीतल्या आशियाई परिषदेत पंतप्रधानांनी मांडलेल्या दहा कलमांत विद्यापीठांच्या जाळ्याचे एक कलम होते. पण डोंगराळ तालुक्यातल्या कॉलेजात हा विषय अजून बहुधा पर्यावरणाच्या पुस्तकातला एक धडा असतो. परीक्षेपुरता पाठ करायचा आणि विसरायचा.

अमेरिकेत ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, २००२ मध्ये, माँटेरे इथल्या नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत अंतर्गत सुरक्षेचे केंद्र निघाले. त्यांनी आपला अभ्यासक्रम इतर विद्यापीठांना मोफत वाटला. लक्षात घ्या, वाटणारी संस्था लष्करी आहे.

आपल्याकडे लगेच म्हणतील, 'सुरक्षेचा विषय उघडा कसा करायचा?' गुपित असते ते तैनातीचे. डोंगराला पडलेली भेग ओळखणे, ढिगाऱ्यावर कुठे पाय ठेवू नये, जखमीला कसे उचलावे, यात कसले आले गुपित? दुसरे म्हणतील, 'आमच्या विद्यापीठाची स्वायत्तता!' मग २०२१ पासून क्रेडिट बँक कशासाठी आहे? एका विद्यापीठाचा विषय दुसऱ्याच्या विद्यार्थ्याने शिकावा, यासाठीच ना?

एक आक्षेप मात्र रास्त आहे. दिल्लीत बनवलेला एकच साचा सगळ्या देशावर बसवला तर तो कुठेच बसणार नाही. म्हणून कणा सामायिक ठेवा आणि उरलेला भाग तिथल्या मास्तरांवर सोपवा. आसामच्या कॉलेजाने ब्रह्मपुत्रेचे बंधारे शिकवावेत, कोकणाने दरडी. लातूरने ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट शिकवावी, दगडमातीच्या जड भिंतींनी माणसे कशी मारली ते. आणि मग हे धडे एकमेकांना द्यावेत, आपापल्या भाषेत. इंग्रजी पीडीएफ वाचून कुणी शेजाऱ्याला ढिगाऱ्यातून काढत नाही.

आम्ही येतच राहू, ते आमचे कामच आहे. पण आम्ही पोचेपर्यंत गावात दहा जाणती पोरे हवीत. ती घडवणारा अभ्यासक्रम तयार असून कपाटात राहत असेल, तर त्याला निष्काळजीपणा म्हणतात. फौजेत त्याला शिक्षा असते.