डांबरातल्या पाण्याचा बागुलबुवा

झिजलेल्या डांबरी रस्त्याचा वरचा 75 ते 100 मिलिमीटर भाग जागेवरच खरवडायचा, त्यात बिटुमेन इमल्शन, म्हणजे पाण्यात विखुरलेले डांबर, कालवायचे आणि तोच माल अंथरून रोलरने दाबायचा, ही थंड पुनर्वापराची पद्धत. तिच्याविरुद्धची तक्रार एका दमात सांगता येते: जुने डांबर मेलेले, इमल्शनात पाणी, पाणी डांबराचा वैरी, सबब असा रस्ता पहिल्याच पावसात वाहून जाणार.

यातला पाण्याचा मुद्दा तक्रारदारांचा फार लाडका. इमल्शनात निम्म्याहून बरेच अधिक बिटुमेनच असते. उरलेले पाणी आणि किंचित रसायन हे बिटुमेन न तापवता खडीपर्यंत पोचवण्यापुरते. खडीशी गाठ पडली की बिटुमेनचे थेंब पाण्यातून सुटून तिला चिकटतात, इमल्शन फुटते आणि तपकिरी माल बघता बघता काळा पडतो. पाणी काही दाबताना निघते, बाकीचे पुढे सुकते. रस्त्याची वाट लावते ते पाणी वेगळे: भेगांतून झिरपणारे आणि तुंबलेल्या गटारातून पायाखाली मुरणारे. गंमत म्हणजे हीच मंडळी गरम डांबराचा थर टाकण्यापूर्वी टॅक कोट, म्हणजे दोन थर चिकटवणारा पातळ हात, मारायला विसरत नाहीत, आणि तो बहुधा इमल्शनचाच असतो. त्या पिंपातले पाणी सज्जन असावे.

‘मेलेल्या’ डांबराचे म्हणाल तर जुने डांबर कडक होते, पण खडी शाबूत असते. आणि पहिल्या पावसाचे म्हणाल तर भरपावसात गरम डांबरही कोणी शहाणा टाकत नाही.

डांबर की काँक्रीट या जुन्या वादातही असेच खरे कारण सोडून भलत्यावर खापर फुटले होते. गटार कोणी बांधले नाही, बदनाम झाले डांबर. मग खराब रस्त्यावर थरावर थर चढत गेले, रस्ते जोत्यांच्या वर आले आणि पावसाचे पाणी उंबरे ओलांडू लागले.

पुनर्वापरात नवी खडी कमी लागते, खाणीपासूनच्या डंपरच्या खेपा घटतात आणि या थरापुरते खडी दीडशे अंशांच्या आसपास तापवण्याचे इंधन वाचते. इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी 120 ही पुनर्वापराची संहिता 2015 पासून उपलब्ध आहे. पाया खचलेला असेल तिथे मात्र ही पद्धत चालत नाही. तिथे खालपासूनच दुरुस्ती हवी. शिवाय पुनर्वापराचा थर उघडा ठेवायचा नसतो. आतला ओलावा पुरेसा उतरला की त्यावर गरम मिश्रणाचा थर टाकावा लागतो.