पाटी कायद्याच्या वर नाही

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी कोल्हापुरात दुकानोदुकानी दिसते. गेल्या महिन्यात मलाही तीच दाखवली गेली. पिशवीत अंड्यांवर तेलाचा डबा ठेवलेला. निम्मी अंडी फुटली, खालचा रवा भिजला. महिन्याचं सामान मोजूनमापून भरणाऱ्या घरात हे नुकसान किरकोळ नसतं.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणं आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणं या अनुचित व्यापारी प्रथा आहेत. बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर ती ३० दिवसांची धरली जाते. सेवेतल्या त्रुटीचीही तक्रार करता येते. म्हणून बिल घ्या, फोटो काढा, आधी शांतपणे बोला. ऐकलं नाही तर १९१५ वर फोन करा. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही.

पिशवी भरणाऱ्या पोरावर मात्र ओरडू नका. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात चूक झाली की आधी कामाची पद्धत तपासतात, माणूस नंतर. वजन, बिल, पिशवी सगळं एकट्यावर टाकणाऱ्या मालकाला जाब विचारा. हक्क मागणं म्हणजे भांडण नव्हे.