नाणेघाट ते फांगणे : दानाचा जुना हिशेब

आजचा धागा नेहमीपेक्षा लांब आहे आणि केवळ माहितीचा नाही. यात माझे मतही आहे. पटले नाही तर खाली अवश्य वाद घाला.

मुरबाडहून माळशेजच्या वाटेला लागले की वैशाखरे गाव येते आणि तिथून नाणेघाटाची चढण सुरू होते. आपल्यापैकी अनेकांनी पावसाळ्यात ती चढली असेल. माथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांचा प्रसिद्ध ब्राह्मी लेख आहे. तो सामान्यतः राणी नागनिकेचा मानला जातो. काळ इसवी सनापूर्वी पहिले शतक. अनेक अक्षरे झिजली आहेत, पण उरलेल्या मजकुरात यज्ञांची नावे आणि प्रत्येक यज्ञात दिलेल्या दक्षिणेची यादी वाचता येते : हजारोंनी गाई, घोडे, हत्ती, गाव, कार्षापण नाणी. अंकचिन्हांच्या अभ्यासकांना हा लेख विशेष प्रिय आहे तो याच आकड्यांमुळे.

आता हा लेख कोठे कोरला ते पाहा. कोकणातील बंदरांचा माल जुन्नरकडे चढत असे, त्या वाटेच्या अगदी तोंडाशी. प्रत्येक तांड्याने येता-जाता पाहावा अशी जागा. दान करावे आणि रहदारीच्या रस्त्यावर त्याची यादी लावावी, ही हौस आपल्या फ्लेक्सची पणजी म्हणायला हरकत नाही. (यज्ञाची दक्षिणा आणि आजची देणगी एक नव्हे, हे मान्य. मी येथे फक्त यादीच्या स्वभावाविषयी बोलतो आहे.)

दुसरा लेख नाशिकच्या पांडवलेण्यांतला. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात भिक्षुसंघाला लेणे देतो आणि त्यासोबत ३००० कार्षापणांची 'अक्षयनीवी', म्हणजे कधीही न मोडायची ठेव ठेवतो. ती गोवर्धनातील विणकरांच्या दोन श्रेणींकडे गुंतवलेली आहे : २००० दरमहा शेकडा एक दराने आणि १००० दरमहा शेकडा पाऊण दराने. मूळ रक्कम परत करायची नाही, खर्च करायचा तो व्याजाचाच. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी मिळायचे. गणित करून पाहा. २००० वर वर्षाचे व्याज २४० आणि वीस गुणिले बारा तेवढेच. हा सगळा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला, असेही लेख सांगतो.

पहिल्या लेखात काय दिले ते कळते. दुसऱ्यात ते कोणाला, किती काळ आणि कशातून पोहोचत राहील हेही कळते. आजच्या शहापूर-मुरबाडमधील शैक्षणिक मदतीकडे पाहताना मला हे दोन दगड सतत आठवतात.

जून उजाडला की कल्याण-कसारा मार्गावरची आसनगाव, आटगाव, खर्डी ही स्थानके शनिवार-रविवारी गजबजतात. मुंबई-ठाण्याचे गट दप्तरे, वह्या, छत्र्या घेऊन पाड्यांवर येतात. मुरबाडला रेल्वे नसल्याने तिकडे गाड्यांच्या रांगा लागतात. या मंडळींचा हेतू स्वच्छ असतो, हे मी त्यांच्याबरोबर हिंडून पाहिले आहे आणि त्यांच्या खिचडीचा वाटेकरीही झालो आहे. पण एका पाड्यावर एका मुलीच्या घरी खुंटीला तीन वर्षांची तीन दप्तरे टांगलेली दिसली. तिसरे कोरे करकरीत होते. मुलगी दिवाळीनंतर आईवडिलांसोबत वीटभट्टीवर गेली होती.

वस्तूला दाता मिळतो, माणसाच्या पगाराला मिळत नाही. त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. दप्तर मोजता येते, त्याची पावती मिळते, छायाचित्र निघते. कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. त्याचा हिशेब आर्थिक वर्षाशी बांधलेला, म्हणून मार्च जवळ आला की वस्तूंचे वाटप सोयीचे पडते. शिक्षणसेविकेला दहा महिने मानधन देणे मात्र कंटाळवाणे काम आहे. त्याचे उद्घाटन कसे करणार?

आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात मात्र टिकली ती कामे माणसांवर उभी होती. २०१४ पर्यंत पालघर वेगळा नव्हता, तेव्हा बोर्डी आणि कोसबाडही ठाणे जिल्ह्यातच. १९४० साली बाळासाहेब खेरांनी आदिवासी सेवा मंडळ स्थापले. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तेथील मुले शाळेत येईनात, कारण ती गुरे राखत होती. मग शाळाच कुरणात गेली, तीच 'कुरणशाळा'. लहानग्यांसाठी वर्ग अंगणात भरला, ती 'अंगणवाडी'. अनुताई १९९२ मध्ये गेल्या, तोवर त्या कोसबाडचे काम पाहतच होत्या. दोन दिवसांच्या शिबिरात कुरणशाळा सुचत नाही. मूल का येत नाही हे कळायला तिथे राहावे लागते.

पैसा कोठून यायचा, याचे एक उत्तर सातारकडे आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापली, तेव्हा वसतिगृहातील मुलांच्या ताटासाठी लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्रही गेले. ही हकीकत आपण सर्वजण सांगतो. मला तिच्याइतकाच महत्त्वाचा वाटतो तो मुष्टिफंड. घरोघरच्या बायकांनी रोज दळणातले मूठभर धान्य बाजूला काढायचे. मंगळसूत्र एकदाच विकता येते, मूठ रोज निघते. शिवाय जिच्या घरून मूठ निघते ती त्या वसतिगृहाची चौकशीही करते, हा फायदा वेगळाच.

आता पुन्हा मुरबाडला येऊ. फांगणे गावातली 'आजीबाईंची शाळा' तुम्ही चित्रफितींत पाहिली असेल. ८ मार्च २०१६ रोजी जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ती सुरू झाली. साठ ते नव्वद वयाच्या आज्या, गुलाबी नऊवारी, पाठीवर दप्तर, हातात पाटी. साड्या आणि साहित्य मोतीराम दलाल यांच्या नावाच्या धर्मादाय न्यासाने दिले. जगभरच्या छायाचित्रकारांनी टिपली ती गुलाबी साडी. शाळा चालली ती मात्र गावातलीच एक दहावी शिकलेली सून दुपारच्या वेळी नेमाने शिकवायला उभी राहिली म्हणून. दात्याने रंग दिला, गावाने वेळ दिला. दोन्ही हवेतच, पण यातला एक गेला तर शाळा चालू राहील आणि दुसरा गेला तर बंद पडेल. कोणता कोणता, हे सांगायला नको.

भट्टीवर गेलेल्या मुलीचे काय? कातकरी, ठाकूर, वारली कुटुंबे बयाणा घेऊन भिवंडी, कल्याण, वसईच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने भट्टीवरच 'भोंगाशाळा' भरवल्या. भोंगा म्हणजे भट्टीमजुराची तात्पुरती झोपडी. कुरणशाळेचीच ही नात. येथेही खर्च मुख्यतः माणसाचा होता, भट्टीवर रोज जाणाऱ्या शिक्षकाचा.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे : शिक्षण हे सरकारचे काम, २०१० पासून तर तो मुलांचा कायदेशीर हक्क आहे. मग लोकवर्गणीने शिक्षक नेमून सरकारला मोकळे का सोडायचे? मला हा आक्षेप निम्मा मान्य आहे. कोसबाडचा 'अंगणवाडी' हा शब्द १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेतून देशभर गेला, पण त्या सेविकेला आजही वेतन नव्हे तर 'मानधन' मिळते. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला ग्रॅच्युइटीची हक्कदार ठरवले, तरी डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांना दीर्घ संपावर जावे लागले. सेवाभावाचे कौतुक करता करता राज्याने सेवेची किंमत कमी धरली. म्हणून देणगीतून नेमलेल्या माणसालाही पोटभर द्या, 'सेवा' म्हणून अर्ध्यावर राबवू नका.

उरलेला निम्मा मला मान्य नाही, कारण येथे देणारा शहरी माणूस उपकार करत नसून देणे फेडतो आहे. तानसा धरण १८९२ चे. ते शहापूर तालुक्यात आहे आणि मुंबई तेव्हापासून त्याचे पाणी पिते. भातसाही शहापुरातच, आणि मुंबईच्या सात तलावांच्या एकूण साठ्यात त्याचा एकट्याचा वाटा जवळपास निम्मा. त्याच तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत पाड्यांवर टँकर येतात आणि हंडे बहुधा मुलींच्या डोक्यावर असतात. तिकडून दप्तर घेऊन येणाऱ्या माझ्या मित्रांनी त्या दिवशी सकाळी ज्या पाण्याने अंघोळ केली, ते पाणी कोठून आले, हे एकदा आठवावे एवढेच म्हणतो.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. शंभर जणांनी दरमहा दीडशे रुपये काढले तर महिन्याला पंधरा हजार होतात. एवढ्यात एका पाड्यावर वस्तीतलीच शिकलेली मुलगी वर्षभर नेमता येते. आईबाप भट्टीवर गेले तरी मुले आजीजवळ राहावीत, त्यांचे जेवण आणि अभ्यास चुकू नये, हे तिने पाहायचे. हिशेब वाचायला जागाही आहे. शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, तेथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला वजन दिले आहे. उषवदाताने निगमसभेत वाचले तसे आपण ग्रामसभेत वाचावे, आणि आकडे शाळेच्या भिंतीवरच्या फळ्यावर लिहावेत.

फक्त जूनची वाट पाहू नका. बयाणा दिवाळीच्या आधीच घेतला जातो, म्हणून ही वर्गणी नवरात्रापर्यंत जमलेली असली पाहिजे.