बॅटरीचा निकाल मापाने लागावा
वाहनचर्या : ‘सारथी’

होळी झाली आणि दुपारच्या रस्त्यावर डांबर मऊ पडू लागले, की मोटारमालकाच्या मनात एक शंका डोके वर काढते : आपल्या गाडीची बॅटरी हा उन्हाळा काढील, की तिला निरोप देण्याची वेळ आली? या शंकेचे उत्तर घाईने देऊन टाकणारे दोन पंथ आहेत आणि त्या दोहोंशी माझा मतभेद आहे. पहिला पंथ सर्व्हिस सेंटरच्या खिडकीशी भेटतो. तेथे दप्तरातील खरेदीची तारीख पाहून, बॅटरीला हातही न लावता, ‘तीन वर्षं झाली, बदलून टाका’ असा निवाडा सुनावला जातो. आणि गाडीच्या अंतरंगाविषयी अनभिज्ञ असलेला सरळ मनाचा गृहस्थ, वाटेत अडकण्याच्या धास्तीने, पाच-सहा हजारांची रक्कम मुकाट्याने मोजून मोकळा होतो. दुसरा पंथ आपल्याच घरात नांदतो. ‘चालते आहे ना, मग चालू द्या’ हे त्याचे ब्रीद. कसारा घाटाच्या पायथ्याशी, मुलेबाळे सोबत असताना, चहासाठी थांबलेली गाडी पुन्हा निघण्याचे नाकारते आणि किल्ली फिरवली असता नुसती टकटक ऐकू येते, तेव्हाच त्या ब्रीदाची किंमत कळते.

आपल्या देशात मोटारीची बॅटरी सामान्यतः तीन ते पाच वर्षे टिकते, एवढे विधान कोणीही निर्धास्तपणे करावे. परंतु तीन आणि पाच यांमधले अंतर लहान नाही. आणि आपली बॅटरी त्या दोन टोकांमध्ये कोठे उभी आहे, हे पंचांगावरून नव्हे, तर केवळ मापावरून ठरते, हे माझे म्हणणे मी आज थोडे सविस्तर मांडू इच्छितो.

प्रथम तिच्या घडणीविषयी. गास्तों प्लांते या फ्रेंच पदार्थविज्ञानवेत्त्याने १८५९ साली शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लात बुडवून, पुनःपुन्हा भरता येईल असा विजेचा जो साठा सिद्ध केला, त्याचेच वंशज आज आपल्या बॉनेटखाली बसलेले आहेत. सहा कप्पे, प्रत्येकाचा दाब दोन व्होल्टांहून किंचित अधिक, आणि सहांची बेरीज बारा-साडेबारा, हा तिचा सारा संसार. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत बसला, आणि हँडल मारून इंजिन जागे करण्याच्या धोकादायक कष्टांतून माणूस सुटला तो तेव्हापासून. तेव्हाच बॅटरीवर मात्र एक कठोर कर्तव्य येऊन पडले. एकदोन क्षणांत शंभराहून अधिक अँपियरचा लोंढा ओतायचा, आणि खर्ची पडलेली वीज पुढच्या प्रवासात अल्टरनेटरकडून वसूल करून घ्यायची. या देण्याघेण्यात धन प्लेटींचा सांगाडा हळूहळू गंजत जातो, प्लेटींवरील लेप झडून तळाशी साचतो, आणि बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर प्लेटींवर शिशाच्या सल्फेटाचे थर, पाणी उकळण्याच्या पातेल्याला क्षारांचे पूट धरावे तसे, असे कठीण होऊन बसतात की पुढे कितीही चार्जिंग केले तरी ते पुरतेपणी विरघळत नाहीत.

या तिन्ही ऱ्हासांना जो एक वैरी खतपाणी घालतो, तो म्हणजे उष्मा. रसायनशास्त्राचा एक स्थूल नियम असा की, तापमान दहा अंशांनी चढले म्हणजे रासायनिक क्रियेचा वेग सुमारे दुपटीवर जातो. आणि सांगाडा गंजवणारी अनिष्ट क्रिया या नियमाला अपवाद नाही. वैशाखात नागपूर, चंद्रपूर, अकोला येथे सावलीतच पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळतो. इंजिनालगतच्या कोंदट जागेतले तापमान त्याहूनही पुष्कळ चढे. अशा ठिकाणी अम्लातील पाणी झपाट्याने उडते, प्लेटींच्या कडा उघड्या पडतात, आणि बॅटरी चिंचवडच्या कारखान्यातून आलेली असो वा तिरुपतीजवळच्या, ती महाबळेश्वरच्या गाडीत जितकी वर्षे काढील तितकी चंद्रपूरच्या गाडीत काढणार नाही. नवल असे की, हा आघात उन्हाळ्यात होत असला तरी तो उघडकीस येतो थंडीत. निफाडकडच्या एखाद्या द्राक्षबागाईतदाराची गाडी पौषातल्या पहाटे रुसते, तेव्हा तो दोष थंडीच्या माथी मारतो. वस्तुतः थंडीने एवढेच केलेले असते की, इंजिनातले तेल घट्ट करून स्टार्टरची मागणी वाढवली आणि त्याच वेळी बॅटरीतील क्रिया मंदावून तिचा पुरवठा घटवला. वैशाखात दुबळी झालेली बॅटरी पौषात या दुहेरी परीक्षेला उतरू शकत नाही. यास्तव उन्हात तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी झाडाची सावली शोधणे हे रंगाच्या काळजीइतकेच बॅटरीच्या काळजीचेही काम आहे.

उष्म्याखालोखाल घात होतो तो गाडी नुसती उभी ठेवल्याने. न वापरलेली वस्तू टिकते, हा आपला गृहस्थी समज बॅटरीच्या बाबतीत साफ चुकीचा ठरतो. आधुनिक मोटार कुलूपबंद असतानाही पुरती झोपत नाही. घड्याळ, चोरीविरोधी यंत्रणा, किल्लीचा संकेत ऐकणारा ग्राहक, संगणकाची स्मृती, ही सारी मंडळी अहोरात्र थोडीथोडी वीज खात असतात. हा खर्च ५० मिलिअँपियर धरला, तर दिवसाला १.२ अँपियर-तास होतो. लहान मोटारीची बॅटरी बहुधा ३५ अँपियर-तासांची असते. म्हणजे पंधरवड्यात निम्मा साठा संपुष्टात येतो आणि महिन्याभरात काही उरत नाही. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी पुकारली गेली, तेव्हा सोसायट्यांच्या आवारात रांगेने उभ्या असलेल्या, धडधाकट दिसणाऱ्या गाड्या पुढे एकामागून एक मुक्या झालेल्या आढळल्या, त्याचे कारण हेच होते.

त्या काळाची आठवण मी मुद्दाम काढतो, कारण तशी टाळेबंदी आजही कित्येक घरांत चालू आहे. कोथरूडला, ठाण्याला, नाशिकच्या गंगापूर रोडला अशी शेकडो घरे आहेत, जेथे मुले परदेशी स्थायिक झालेली, घरी आईवडील दोघेच, आणि मुलाने हौसेने घेऊन दिलेली गाडी दिवाळीत तो येईल तेव्हा हाताशी असावी म्हणून अभ्र्याखाली जपून ठेवलेली. रात्री-अपरात्री दवाखाना गाठण्याचा प्रसंग आला, तर नेमकी हीच गाडी दगा देते. या वडीलधाऱ्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे की, दोन दिवसांआड पाच मिनिटे इंजिन सुरू करून बंद करण्याचा जो शिरस्ता पुष्कळ ठिकाणी पडला आहे, तो त्यांनी सोडावा. कारण सुरू करताना खर्च झालेली वीज उभ्या गाडीतल्या मंदगती इंजिनाकडून त्या पाच मिनिटांत पुरती भरून निघेलच, याची शाश्वती नसते. आठवड्यातून एकदा अर्धापाऊण तास गाडी खरोखर रस्त्यावर फिरवावी. स्वतः चालवणे होत नसेल तर ओळखीच्या ड्रायव्हरला त्याचा मेहनताना देऊन बोलवावे. तो खर्च नव्या बॅटरीपेक्षा स्वस्त पडतो. महिना-दोन महिने परगावी जायचे असेल तर बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडवून ठेवावे, मात्र त्या वेळी किल्ली गाडीत न ठेवता हातात असावी.

आता मापाविषयी. जुन्या वळणाच्या बॅटरीवाल्याच्या दुकानात ज्याने कधी उभे राहून पाहिले असेल, त्याला ही गोष्ट फोड करून सांगावी लागणार नाही. अम्लाच्या शिंतोड्यांनी बारीक भोके पडलेला सदरा घातलेला तो कारागीर बॅटरीची सहा झाकणे एकेक करून उघडतो. रबरी फुगा बसवलेली काचेची नळी पहिल्या कप्प्यात बुडवतो. फुगा दाबून सोडतो. नळीत चढलेल्या अम्लावर आतला तरंगक डोलून स्थिरावला की डोळ्यांच्या पातळीवर नळी धरून तो आकडा उच्चारतो, ‘बाराशे साठ’. म्हणजे अम्लाची विशिष्ट घनता १.२६०, आणि कप्पा भरलेला. दुसरा बाराशे साठ, तिसरा बाराशे पंचावन्न, आणि चौथ्याशी तरंगक खोल बुडतो : ‘साडेअकराशे’. येथे तो थांबतो आणि सांगतो की, या बॅटरीचा एक सेल गेला. पाच कप्पे सुदृढ असूनही सहाव्याच्या दुर्बलतेने सगळी बॅटरी निकामी ठरते. कप्प्याकप्प्यांत ५० अंकांहून अधिक तफावत दिसली की तिचा शेवट जवळ आला, हे समजून चालावे. उलट सहाही कप्पे सारखेच खाली असतील, तर बॅटरी बव्हंशी मेलेली नसून केवळ उपाशी असते; तिला रात्रभर चार्जिंगला लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावे, आणि ती उपाशी का राहिली याचा जाब अल्टरनेटरला विचारावा.

हल्लीच्या बहुतेक बॅटऱ्या बंदिस्त असल्यामुळे ही नळी मागे पडली, तरी व्होल्टमीटर प्रत्येक दुकानात असतोच. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, किल्लीला हात लावण्यापूर्वी, बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट भरला तर साठा पूर्ण, १२.२ म्हणजे सुमारे निम्मा. बाराच्या खाली म्हणजे जवळजवळ रिता. इंजिन चालू असता तोच आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावा. नसल्यास दोषी अल्टरनेटर, आणि अशा गाडीत नवी बॅटरी बसवणे म्हणजे तिचाही बळी देणे होय. निर्णायक कसोटी मात्र भाराची. लोड टेस्टर लावून पंधरा सेकंद मोठा भार टाकला असता, पूर्ण चार्ज असलेली बॅटरी ९.६ व्होल्टांखाली घसरत असेल, तर तिचे वय काहीही असो, ती बदललीच पाहिजे; आणि ती टिकून राहत असेल, तर चार वर्षांची असली तरी तिला बडतर्फ करण्याचा कोणाला अधिकार नाही. बंदिस्त बॅटरीवरच्या हिरव्या डोळ्यावर विसंबणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, तो डोळा सहांपैकी एकाच कप्प्यात डोकावतो. उरलेल्या पाचांची त्याला वार्ता नसते.

टर्मिनलांवर साचणारी पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड, विशेषतः कोकणातल्या दमट हवेत, कित्येक निरोगी बॅटऱ्यांना मृत ठरवते. ऋण टर्मिनल आधी, धन नंतर, या क्रमाने तारा सोडवून, खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने पूड धुवावी, कोरडे करून तारा उलट क्रमाने घट्ट बसवाव्यात आणि वर पेट्रोलियम जेली चोळावी. झाकणांच्या बॅटरीत पाणी कमी झाल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे कधीही नाही, आणि अम्ल तर नाहीच नाही. पेटीच्या बाजू फुगलेल्या दिसल्या किंवा सडक्या अंड्यांचा वास येऊ लागला, तर मात्र तपासणीचीही वाट पाहू नये.

तेव्हा माझे मत असे. तिसरे वर्ष उलटल्यावर वर्षातून दोनदा, एकदा शिमग्याच्या सुमारास आणि एकदा दिवाळीनंतर, भाराची तपासणी करून घ्यावी. विदर्भ-खानदेशातील वाचकांनी ती दुसरे वर्ष संपताच सुरू करावी. जो दुकानदार आकडा न दाखवता बदलण्याचा आग्रह धरतो, त्याच्याकडून बॅटरी घेऊ नये. पाच वर्षे पुरी केलेली बॅटरी मापात उतरली, तरी तिच्या भरवशावर घाटवाटांचा लांबचा प्रवास करू नये, हा या नियमाला मी ठेवलेला एकमेव अपवाद. कारण त्या वयात सेल पूर्वसूचना न देता जातो. नवी घेताना गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलीच क्षमता घ्यावी, आणि सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या इंजिनाच्या गाडीत त्याच जातीची, एजीएम किंवा ईएफबी. बॅटरीवरील निर्मितीची तारीखही पाहावी. फडताळात पडल्या पडल्याही ती वृद्ध होत असते. हमीपत्रावर दुकानाचा शिक्का, तारीख आणि क्रमांक असल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि हमीच्या मुदतीत फुकट बदलून देण्याचे महिने किती व किमतीत केवळ सूट देण्याचे किती, याची खातरजमा तेथेच करावी.

राहता राहिली जुनी बॅटरी. तिच्यात अनेक किलो शिसे आणि अम्ल असते. दारावर येणाऱ्या भंगारवाल्याने शेपन्नास रुपये अधिक देऊ केले म्हणून ती त्याच्या हाती दिली, तर अम्ल बहुधा गटारात ओतले जाते आणि शिसे एखाद्या वस्तीच्या कडेला उघड्या भट्टीत वितळवले जाते; त्या धुराने तेथल्या लहान मुलांच्या मेंदूची जी हानी होते ती भरून येत नाही, आणि शिशाचे निर्धोक प्रमाण वैद्यकशास्त्राला आजवर सापडलेले नाही. २००१ सालच्या बॅटरी नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी विक्रेत्यांवर घातली, आणि २०२२ सालच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांना त्यासाठी बांधून घेतले. कायदा आपल्या बाजूने उभा आहे. त्याचा अंमल आपल्या हाती आहे. नवी बॅटरी घ्याल तेथेच जुनी जमा करा, आणि तिची वजावट पावतीवर लिहून घ्या.