मालकीचे आमिष, हप्त्यांचा फास

अमेरिकेत वाहतूक कंपन्या ट्रकचालकाला सांगतात, 'आमचाच ट्रक भाड्याने घे, हप्ते फेड आणि मालक हो!' हप्ता, डिझेल, दुरुस्ती चालकाच्या माथी. माल किती द्यायचा हे मात्र कंपनीच्या हाती. काम आटले की हप्ता थकतो, ट्रक जातो आणि भरलेला पैसाही बुडतो. ही कसली मालकी?

२०१९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ऑलिव्हेरा खटल्यात बजावले, 'स्वतंत्र कंत्राटदार' म्हटले तरी संघीय लवाद कायद्याच्या जोरावर अशा चालकाला लवादाकडे ढकलता येणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये सरकारी अभ्यासगटाने तर असे करार बंद करण्याचीच शिफारस केली.

आमचे मत स्पष्ट आहे. जो काम देतो तोच सावकार असेल, तर सही करू नये.